चाकांवरचं घर आणि सतरावा सोमवार

एका गावात एक भोळा नवरा होता. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं, घरोघरी असतो. नाही हो. हा अगदी निवडून काढलेला भोळा. गाव निरगुडवाडी, आणि नवऱ्याचं नाव त्र्यंबकराव. माणूस देवासारखा. कधी कुणाला दुखवलं नाही, कधी खोटं बोलले नाहीत. खोड एकच. सांगितलेला शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. जिथे सांगितलं तिथे करायचेच, आणि जिथे सांगितलं नाही तिथेही करायचे.

एकदा बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा." त्र्यंबकरावांनी लक्ष ठेवलं. दूध वर आलं, पातेल्याबाहेर आलं, ओट्यावरून खाली उतरलं, उंबऱ्यापर्यंत गेलं. त्यांनी नजर हलवली नाही.

बायकोचं नाव गोदाबाई. भारी सोशिक बाई. नवऱ्यावर रागवायच्या, पण राग घटकाभर टिकायचा नाही. एके वर्षी त्यांनी सोळा सोमवार धरले. पैसा मागितला नाही, दागिना मागितला नाही. दर सोमवारी पिंडीवर बेल वाहायचा आणि म्हणायचं, "महादेवा, ह्यांना चार गोष्टी कळू देत. जास्त नकोत. चारच पुरेत."

सोळा सोमवार यथासांग झाले. सतरावा उद्यापनाचा राहिला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात लेकीनं विमानाची तिकिटं पाठवली. लेक उमी, स्पेन देशात नोकरीला. "आई, बाबा, तुम्ही याच. आपण गाडीतून समुद्राच्या काठाकाठानं फिरू. गाडी म्हणजे घरच आहे. आत गॅस, आत पलंग, आत न्हाणी."

गोदाबाई म्हणाल्या, "अगं, आणि माझं उद्यापन?"

"गाडीत कर. देव काय, आपल्याबरोबरच असतो ना?"

हे गोदाबाईंना पटलं. त्यांनी कणीक, गूळ, तुपाचा डबा, वाळवलेला बेल आणि मुठीएवढी पिंडी पिशवीत घातली, आणि निघाल्या.

त्यांच्या घरची रीत अशी. उद्यापनाच्या दिवशी कडक उपास. चुरमा करायचा, त्याचे तीन भाग करायचे. एक देवाचा, एक मेहुणाचा, एक आपला. मेहुण म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं. सूर्य मावळायच्या आत मेहुण पाटावर बसलं पाहिजे. ते जेवलं की मग आपण घास घ्यायचा. मेहुण मिळालं नाही, तर सोळाच्या सोळा सोमवार पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि तिथला सूर्य मोठा चिवट. आपल्याकडे सातला दिवेलागण होते. तिथे साडेनऊ वाजेपर्यंत तो मावळायचं नाव घेत नाही. गोदाबाई म्हणाल्या, "जाऊ दे. जितका उपास लांब, तितकं पुण्य जास्त."

उजाडला सतरावा सोमवार. समुद्राकाठी अशा गाड्यांचा एक तळ होता, तिथे यांची गाडी रात्रभर उभी होती. गोदाबाईंनी सिंकच्या वरच्या फळीवर देव मांडले होते. उमी गाडी चालवायला बसली आणि म्हणाली, "बाबा, आता निघायचं. बाहेरचं सगळं आत घ्या. एकसुद्धा वस्तू राहता कामा नये."

"बरं," त्र्यंबकराव म्हणाले, आणि कामाला लागले.

गाडी निघाली. डावीकडे डोंगर, उजवीकडे निळाशार समुद्र. गोदाबाई जप करत बसल्या. तासाभरानं उमीनं गाडी थांबवली आणि मागचं दार उघडलं. आतून एक खुर्ची तिच्या पायावर पडली. मग दुसरी. मग तिसरी. मग चौथी.

"बाबा, आपल्या खुर्च्या दोन होत्या!"

"बाहेर चार होत्या," त्र्यंबकराव म्हणाले.

खुर्च्यांमागे एक टेबल निघालं, एक छत्री निघाली, एक फुलाची कुंडी निघाली. शेवटी कपडे वाळत घालायची दोरी निघाली, चिमट्यांसकट. दोरीला एक चौकड्यांची चड्डी होती, चांगली पालखीच्या झालरीएवढी.

उमीनं कपाळावर हात मारला. "अहो बाबा, ते शेजारच्या डच आजी-आजोबांचं सामान! आपलं तेवढंच घ्यायचं असतं. दुसऱ्याचं दिसलं तर ज्याचं त्याला द्यायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करीन."

उमीनं तळावर फोन लावला. डच आजोबा फोनवर आले. भला माणूस. म्हणाले, आम्हीही त्याच वाटेनं पुढे येतो आहोत, तुम्ही संध्याकाळी कुठे थांबणार ते सांगा, येऊन घेऊन जाऊ. उमीनं जागा सांगितली.

दुपारी एक गाव लागलं. पांढरी घरं, निळी दारं. गोदाबाई म्हणाल्या, "अहो, अभिषेकाला दूध हवं. तेवढी एक बाटली आणता?"

त्र्यंबकराव गेले. अर्ध्या तासानं परत आले. हातात बाटली होती, तळाशी चार बोटं दूध होतं, आणि चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"बाकीचं कुठे सांडलंत?"

"सांडलं नाही. ज्याचं होतं तिला दिलं." त्यांनी बाटली पुढे केली. वर गाईचं चित्र. तांबडी गाय, कपाळावर पांढरा टिळा. "दुकानातून बाहेर आलो तर हीच बसली होती वाळूवर. समुद्राकडे तोंड करून. तसाच टिळा. म्हटलं, ही बघ, हिचं दूध हिला सोडून भलतीकडे चाललंय. माझ्या टोपीत ओतलं आणि तिच्यापुढे धरलं."

उमी खिडकीतून बघू लागली. खरंच, त्या किनाऱ्यावर गाई मोकळ्या हिंडत होत्या आणि माणसांच्या टॉवेलांशेजारी निवांत रवंथ करत होत्या.

"प्यायली?" गोदाबाईंनी विचारलं. काही झालं तरी सोमवारी गाईला दिलेलं होतं.

"हुंगलं. मग टोपी खाल्ली."

गोदाबाईंनी मोठा श्वास घेतला. "अहो, पूजेचं दूध देवाचं असतं हो. पूजेच्या दिवशी एखादी वस्तू आणायला सांगितली, तर ती इकडेतिकडे वाटायची नाही. स्वच्छ धुवायची, पुसायची, रेशमी वस्त्रानं झाकायची आणि उंचावर, देवाशेजारी ठेवायची. समजलं?"

"समजलं. पुढच्या वेळी तसंच करीन."

मुक्कामाची जागा आली. छोटीशी खाडी, मागे टेकाड, टेकाडावर एक पांढरं चर्च. गाडीतली पाण्याची टाकी भरायला, केरकचरा टाकायला तिथे नीट सोय होती. गोदाबाई पूजेसाठी फुलं शोधायला टेकाडाच्या पायथ्याशी गेल्या. उमी टाकीला नळी लावता लावता म्हणाली, "बाबा, मागच्या कप्प्यात एक पेटी आहे. ती त्या मोरीवर रिकामी करून आणता?"

गोदाबाई ओंजळभर रानफुलं घेऊन आत आल्या आणि थबकल्या. फळीवर, पिंडीच्या शेजारी, त्यांच्या रेशमी उपरण्याखाली काहीतरी चौकोनी, चांगलं ऐसपैस ठेवलेलं होतं. त्यांचा ऊर भरून आला. परमुलखात नवऱ्यानं गुपचूप देव्हारा आणला! कोण म्हणतं ह्यांना कळत नाही? त्यांनी उपरण्यावर दोन फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं, आणि डोळे मिटून हात जोडले.

मागून उमी आली. "आई, संडासाच्या पेटीला नमस्कार का करतेस?"

पुढची दहा मिनिटं गाडीतून एकच आवाज येत होता. "शिव शिव शिव शिव!"

"धुतली होती," त्र्यंबकराव दाराशी उभं राहून सांगत होते. "पुसली होती. तू सांगितलंस तसंच."

गोदाबाई सरळ समुद्रात गेल्या आणि लुगड्यासकट तीन बुड्या मारून आल्या. उपरणं खाऱ्या पाण्यात खळबळून खडकावर वाळत घातलं. गाडी आतून बाहेरून धुतली, गंगाजल शिंपडलं. मग बाहेर एक पाण्याची बादली ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "आता माझा चुरमा व्हायचाय. ऐका. बाहेरून आलेल्या कुणीही डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय ह्या दारात पाऊल टाकायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही."

"बरं. कुणीही नाही."

गोदाबाई आत कणीक भाजत होत्या. तुपाचा वास सुटला होता. पण मनात एकच घोर. मेहुण कुठून आणायचं? ना ओळख, ना पाळख. इतक्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. उमीची हाक आली, "आई, डच आजी-आजोबा आले गं, खुर्च्या न्यायला!"

"जोडीनं?"

"जोडीनं! आणि लग्नाला बेचाळीस वर्षं झाली म्हणतात!"

गोदाबाईंनी हातातलं उलथणं खाली ठेवून हात जोडले. महादेवानं मेहुण दारी पाठवलं. आपल्या पायांनी चालत आलं! त्या आतूनच ओरडल्या, "अहो, त्यांना आत बोलवा!"

बाहेर धप्प असा आवाज झाला. मग पुन्हा धप्प. आणि त्र्यंबकरावांचा खणखणीत स्वर, "हर हर गंगे!"

गोदाबाई दारात आल्या. पायरीशी डच आजोबा उभे होते, डोक्यापासून बुटापर्यंत निथळत. शेजारी आजी. आजींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्र्यंबकरावांच्या हातात बादली होती. उमी तोंडावर हात घेऊन उभी होती.

"कुणीही म्हणजे कुणीही," त्र्यंबकराव म्हणाले.

डच आजोबा डच भाषेत बरंच काही बोलले. उमीनं त्याचं मराठी केलं नाही. त्यांनी आपल्या खुर्च्या घेतल्या, टेबल घेतलं, छत्री घेतली, कुंडी घेतली. दोरीवरची चौकड्यांची चड्डी मात्र कोरडी होती. ती तेवढी लगेच कामाला आली. आणि मेहुण निघून गेलं.

गोदाबाई पायरीवर बसल्या. पोटात सकाळपासून कण नाही. डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पाहुण्याच्या डोक्यावर कुणी बादली ओततं का? मेहुणाचा मान असतो हो. त्यांना हात धरून आणायचं. पाटावर बसवायचं. आणि जाताना रिकाम्या हातांनी पाठवायचं नाही. हातावर काहीतरी ठेवायचं."

बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्र्यंबकरावांना फार वाईट वाटलं. ते तिच्याशेजारी बसले. "गोदे, रडू नको. मी आणतो दुसरं. पुढच्या वेळी तसंच करीन बघ. हात धरून आणीन."

सूर्य कासराभर उरला होता. दुसरा इलाज नव्हता. गोदाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "जा. पण नीट बघून आणा हं. इथे वाळूवर सगळेच जोडीनं लोळतायत, कोण कुणाचं काही कळत नाही. लग्न झालेलंच हवं. अगदी खात्री करा."

उमीनं गाडीला कुलूप घातलं. "बाबा, मी आणि आई त्या खडकामागे वाळूवर पूजा मांडतो. गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा. आणि काहीही झालं तरी ती कुठे खाली ठेवायची नाही. वाळूत पडली तर सापडायची नाही. गाडी भाड्याची आहे."

"नाही ठेवणार खाली," म्हणत त्र्यंबकराव टेकाडाकडे निघाले.

खडकामागे पूजा मांडली. पिंडी, समई, बेल, चुरम्याची तीन पात्रं, दोन पाट म्हणून दोन घड्या घातलेल्या सतरंज्या. सूर्य खाली खाली येत होता. उमी म्हणाली, "आई, नाहीच कुणी मिळालं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. देव कुठे पळून जातोय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण नजर सूर्यावरून हटेना.

तेवढ्यात टेकाडावरची घंटा वाजू लागली. मग गिटार वाजली. मग टाळ्या. गोदाबाईंनी मान वर करून बघितलं. चर्चच्या पायवाटेवरून माणसांची रांग उतरत होती. पुढे त्र्यंबकराव. त्यांच्या उजव्या हातात एका तरण्या मुलाचा हात, डाव्या हातात एका मुलीचा हात. मुलीचा पांढरा घोळदार झगा वाळूवरून लोळत येत होता. मागे पन्नास-साठ माणसं, नटलेली, हसणारी. कुणाला काही कळत नव्हतं आणि सगळे खूश होते.

"बाबा!" उमी किंचाळली. "नवरा-नवरी उचलून आणलेत!"

"खात्री करायला सांगितलं होतं," त्र्यंबकराव दमत दमत म्हणाले. "म्हटलं, होताना बघितलेलं बरं. दारातून बाहेर आले आणि लोकांनी तांदूळ उधळले. अक्षता पडलेल्या मी ह्या डोळ्यांनी बघितल्या. बघ, माझ्याही डोक्यात आहेत."

खरंच होत्या. सोमवारचं लग्न कोण करतं म्हणाल, तर तिकडच्या मुहूर्ताचं आपल्याला काय माहीत. उमीनं स्पॅनिश भाषेत नवरीला सगळं समजावलं. सोळा सोमवार, उपाशी आई, मावळतीला आलेला सूर्य. नवरीनं एकदा गोदाबाईंकडे बघितलं, एकदा सूर्याकडे. मग झगा सावरून पटकन सतरंजीवर मांडी घालून बसली आणि नवऱ्यालाही हाताला धरून बसवलं.

गोदाबाईंचं भान हरपलं. पांढऱ्या कपड्यातली नवरी त्यांना बघवेना, म्हणून आपली लाल शाल तिच्या खांद्यावर घातली. कुंकू लावलं. खण नव्हता, म्हणून संत्र्यांनी ओटी भरली. नवरीच्या आजीला भरून आलं, तिनं गोदाबाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. नवरदेवानं चुरम्याचा घास घेतला, डोळे मोठे केले आणि ओंजळ पुढे केली. मेहुण जेवलं. देवाच्या भागातली चिमूट चिमूट साठ माणसांना पुरली. समुद्रावर तांबूस पट्टा पसरला, आणि सूर्य बुडाला.

गोदाबाई म्हणाल्या, "अहो, पाहुण्यांना मानानं पोचवून या." आणि स्वतः देवासमोर बसून पहिला घास घेतला. जन्मात इतका गोड चुरमा त्यांनी खाल्ला नव्हता.

खडकापलीकडे बराच वेळ हसणं, टाळ्या, गिटार ऐकू येत होती. मग त्र्यंबकराव परत आले. छाती पुढे, चेहरा उजळलेला.

"पोचवलंत?"

"पोचवलं. आणि गोदे, आज मी एकही चूक केली नाही." ते वाळूवर बसले आणि बोटांवर मोजू लागले. "एक. निघायच्या आधी बाहेरचं सगळं आत घेतलं. आपलं तेवढंच. दुसऱ्यांच्या वस्तूला हात लावला नाही."

"शाब्बास," गोदाबाई म्हणाल्या.

"दोन. द्यायची वस्तू स्वच्छ धुतली, पुसली, तुझं उपरणं वाळलं होतं त्यात गुंडाळली. तीन. बादली ओतली नाही. नुसतं चार थेंब पाणी डोक्यावर शिंपडलं. आणि चार. रिकाम्या हातांनी पाठवलं नाही. नवरीच्या हातावर ठेवली."

गोदाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. चार! मोजून चार गोष्टी कळल्या ह्यांना! त्यांनी पिंडीपुढे डोकं टेकलं. "महादेवा, पावलास रे बाबा!"

उमी मात्र हळूच म्हणाली, "बाबा, काय ठेवलंत हातावर?"

"माझ्या हातात होतं तेच. किल्ली."

"बाबा! किल्ली खाली ठेवायची नाही म्हटलं होतं ना!"

"खाली कुठे ठेवली? हातावर ठेवली."

खडकापलीकडून हॉर्न वाजला. तिकडच्या रीतीप्रमाणे वरातीच्या गाडीमागे बांधलेले रिकामे डबे खडखडले. तिघंही धावत वर गेले. वळणावरून चाकांवरचं घर चाललं होतं. आत पलंग, आत गॅस, आत न्हाणी, दोन खुर्च्या, तिघांचे कपडे आणि पूजेसाठी बाहेर काढलेल्या, त्र्यंबकरावांनी आत घेतलेल्या तिघांच्या चपला. खिडकीतून नवरी लाल शाल हलवत होती. साठ माणसं टाळ्या वाजवत होती, आणि नवरीची आजी त्र्यंबकरावांना बघून पुन्हा पुन्हा छातीवर हात ठेवत होती. असा आहेर त्या गावात कुणी कुणाला केला नव्हता.

त्र्यंबकरावांनीही हात हलवला.

गोदाबाईंनी गाडीकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. म्हणाल्या, "देवाला काय बोल लावायचा? तोही भोळाच. चार मागितल्या, त्यानं मोजून चार दिल्या. पाचवी मागायची माझीच राहिली."

आणि पुढच्या सोमवारी, नवरीच्या आजीच्या अंगणात, उधार घेतलेल्या चपला दाराशी काढून, गोदाबाईंनी पुन्हा पहिला सोमवार धरला.